गेट (इंग्रजी क्रियापद)

इंग्रजी भाषेतील एक अत्यंत प्रचलित क्रियापद. ‘मिळणे’ किंवा ‘मिळविणे’ हा त्याचा मूलार्थ होय. तथापि प्रत्यक्ष वापरात त्याचा अर्थ मुख्यतः त्याच्यापुढे येणाऱ्या शब्दाच्या जातीवरून ठरतो. पुढे नाम आल्यास प्राप्ती, विशेषण आल्यास अवस्थांतर, अव्यय आल्यास स्थलांतर आणि धातुसाधित आल्यास कर्मणी अथवा प्रयोजक अर्थ सामान्यतः व्यक्त होतो. हे अर्थ वरवर भिन्न दिसले, तरी त्यांमागे बहुधा एकच सूत्र आढळते. ‘हॅव’ आणि ‘बी’ ही क्रियापदे असलेली स्थिती सांगतात. ‘गेट’ हे त्या स्थितीत होणारा प्रवेश सांगते.

व्युत्पत्ती व रूपे : हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील ‘गेता’ या धातूपासून आला. इंग्‍लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या संपर्कामुळे तो मध्ययुगीन इंग्रजीत रूढ झाला. त्याच कुळातील धातू प्राचीन इंग्रजीत होता. पण तो उपसर्गयुक्त रूपांतच आढळे. ‘फरगेट’ (विसरणे) आणि ‘बिगेट’ (जन्म देणे) ही त्याची आजची रूपे होत. लॅटिनमधील ‘प्रेहेन्देरे’ (पकडणे) या क्रियापदातही हेच मूळ आहे. ‘गेट’चा भूतकाळ ‘गॉट’ असा होतो. भूतकालवाचक धातुसाधित प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’ असे असून अमेरिकन इंग्रजीत ‘गॉटन’ हे जुने रूपही टिकून आहे. त्यामुळे अमेरिकन भाषकाला ‘आय हॅव गॉट’ (माझ्याजवळ आहे) आणि ‘आय हॅव गॉटन’ (मला मिळाले आहे) असा भेद करता येतो.

नामासह : पुढे नाम आले असता कर्त्याने वस्तू प्रयत्नाने मिळविली, की ती त्याच्याकडे आपोआप आली, हे क्रियापद सांगत नाही; ते नामावरून आणि संदर्भावरून समजते. ‘ही गॉट अ लेटर’ (त्याला पत्र मिळाले), ‘ही गॉट अ टिकिट’ (त्याने तिकीट काढले), ‘ही गॉट अ कोल्ड’ (त्याला सर्दी झाली) आणि ‘ही गॉट टू यिअर्स’ (त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली) या चारही वाक्यांची रचना एकच आहे. मराठीत मात्र क्रियापद अनेकदा बदलते व ज्याला काही प्राप्त होते, तो बहुधा चतुर्थीत येतो. इंग्रजीत तोच कर्ता असतो. ‘होणे’ या अर्थी ‘गेट’पुढे नाम येत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तिने डॉक्टर बोलावून आणला; ती स्वतः डॉक्टर झाली, असे सांगण्यासाठी ‘बिकेम’ हेच क्रियापद योजावे लागते.

विशेषणासह : या रचनेत ‘गेट’चा अर्थ ‘होणे’ असा होतो. उदा., ‘गेट अँग्री’ (रागावणे), ‘गेट वेट’ (भिजणे), ‘गेट रेडी’ (तयार होणे). चालू असलेला बदल दाखविण्यासाठी तुलनावाचक विशेषण विशेष सोयीचे ठरते, उदा., ‘इट इज गेटिंग कोल्डर’ (थंडी वाढत आहे). याच अर्थक्षेत्रातील अन्य क्रियापदांनी आपापले विषय वाटून घेतले आहेत. बिघाड किंवा हानी सांगताना ‘गो’ (‘गो बॅड’, ‘गो ब्लाइंड’), रंगबदलासाठी ‘टर्न’, संथ बदलासाठी ‘ग्रो’ आणि आजारपण किंवा झोप यांसाठी ‘फॉल’ (‘फॉल इल’, ‘फॉल अस्लीप’) यांचा विशेषेकरून उपयोग होतो. ‘गेट’ त्या मानाने तटस्थ व बोलभाषेला जवळचे आहे. मध्ये कर्म घातल्यास हीच रचना सकर्मक होते : ‘गेट युअर फीट वेट’ म्हणजे पाय भिजविणे.

अव्ययांसह : ‘गेट’ला ‘अप’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ इ. अव्यये जोडली, की हालचालीचा अर्थ निर्माण होतो आणि त्यातून पुढे लाक्षणिक अर्थ निघतात. ‘गेट ओव्हर अ वॉल’ म्हणजे भिंत ओलांडणे. ‘गेट ओव्हर ॲन इलनेस’ म्हणजे आजारातून उठणे. येथे अव्ययाची जात पाहणे आवश्यक असते. नामापूर्वी येणारे शब्दयोगी अव्यय कर्माच्या आधीच राहते. क्रियाविशेषण अव्यय मात्र सर्वनामरूप कर्माच्या नंतर जाते. त्यामुळे ‘गेट ओव्हर इट’ (त्यातून सावर) आणि ‘गेट इट ओव्हर’ (ते एकदाचे उरकून टाक) या दोन वाक्यांत शब्द तेच असूनही अर्थ वेगळा होतो. वाहनांच्या बाबतीत बस, आगगाडी, जहाज, सायकल यांसाठी ‘गेट ऑन’ आणि मोटार व टॅक्सी यांसाठी ‘गेट इन्टू’ असा संकेत आहे.

धातुसाधितांसह : ‘ही गॉट हिम टु साइन’ (त्याने त्याला सही करायला राजी केले) या प्रयोजक रचनेत मनधरणीची छटा असते, ‘मेड हिम साइन’ यात सक्ती असते. ‘गॉट द हाउस पेंटेड’ (घर रंगवून घेतले) यात काम दुसऱ्याकडून करवून घेतल्याचा अर्थ येतो. ‘बी’ऐवजी ‘गेट’ योजून होणारा कर्मणी प्रयोग विशेष विचारणीय आहे. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ या वाक्याचे ‘खिडकी फुटलेली होती’ आणि ‘खिडकी फोडली गेली’ असे दोन अर्थ संभवतात. ‘गॉट ब्रोकन’ म्हटल्यास घटनाच सूचित होते. ‘ही वॉज अरेस्टेड’ हे केवळ अटकेचे निवेदन होय. पण ‘ही गॉट अरेस्टेड’ यात त्या माणसाने ते आपल्या वर्तनाने ओढवून घेतले, अशी सूचना अनेकदा डोकावते. दोष कोणाकडे जातो, हे अशा रीतीने एका लहान क्रियापदावर अवलंबून राहू शकते; म्हणून औपचारिक व कायदेविषयक लेखनात ‘बी’ची रचना अधिक पसंत केली जाते.

अभ्यास : सॅम्युएल जॉन्सन याने आपल्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, ज्यांचे अर्थ सैल व व्यापक असल्यामुळे व्याख्या करणे कठीण जाते, अशा क्रियापदांत ‘गेट’चा समावेश केला आहे. क्रियापदाला अव्यय जोडून होणारे अर्थ परकीयांना अतिशय अवघड जातात, असेही त्याने नमूद केले. अशा जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअर्सॉल स्मिथ याच्या १९२५ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. सी. के. ऑग्डेन याने १९३० मध्ये मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’ या ८५० शब्दांच्या योजनेत केवळ १८ क्रियापदे ठेवली व त्यांत ‘गेट’ला स्थान दिले, अव्ययांच्या जोडीने ती इतर असंख्य क्रियापदांचे काम करू शकतील, अशी त्यामागची भूमिका होती. क्रियापदांच्या रचनांचे नमुने देणारा ए. एस. हॉर्नबी व त्याचे सहकारी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश १९४२ मध्ये टोकिओ येथे प्रसिद्ध झाला. डग्लस बायबर व सहकाऱ्यांच्या १९९९ च्या व्याकरणग्रंथातील मोजणीनुसार ‘गेट’ संभाषणात फार वारंवार येते, तर शास्त्रीय लेखनात ते तुलनेने विरळ आहे.

मराठी भाषकांच्या दृष्टीने : ‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’ एवढेच पाठ केल्याने या क्रियापदाचा उलगडा होत नाही. ‘मला उशीर होत आहे’ याचे ‘आय ॲम गेटिंग लेट’ आणि ‘बसमधून उतरणे’ याचे ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ असे भाषांतर भारतीय इंग्रजीत सर्रास ऐकू येते. प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत पहिल्यासाठी ‘आय ॲम गोइंग टु बी लेट’ वा निर्वैयक्तिक ‘इट इज गेटिंग लेट’ आणि दुसऱ्यासाठी ‘गेट ऑफ द बस’ असे म्हणतात. हा प्रकार मराठीला मुळीच अपरिचित नाही. भूक लागणे, ठेच लागणे, पैसे लागणे, नोकरीला लागणे आणि लिहू लागणे यांतील ‘लागणे’ हे क्रियापद असेच सोबतच्या शब्दांतून अर्थ घेते. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला त्याचा एकच एक प्रतिशब्द देता येत नाही, तसाच तो ‘गेट’लाही देता येत नाही. ही रचना ज्या त्या संपूर्ण शब्दबंधासह शिकणे, हाच तिच्या अभ्यासाचा योग्य मार्ग होय.