अचल वस्तूंचा चलत्पट : मुलांच्या छंदासाठी कोणते साहित्य घ्यावे?

पालकसभांमधून अलीकडे एक नवा प्रश्न आमच्यापुढे येऊ लागला आहे. सुट्टीत घरी गेलेले मूल मातीची बाहुली करते, ती तसूभर सरकवून मोबाइलवर छायाचित्र घेते, पुन्हा सरकवते, पुन्हा छायाचित्र घेते. आणि ती सारी चित्रे सलग चालवली की बाहुली स्वतःच चालू लागते. या प्रकाराला ‘स्टॉप मोशन’ म्हणतात. थोड्याच दिवसांत मूल कॅमेरा मागते. दुकानदार तीस-चाळीस हजारांचा आकडा सांगतो, आणि रोजंदारीवर चालणाऱ्या घरात विषय तिथेच मिटतो. क्वचित एखादे पालक हप्त्यांवर कॅमेरा घेतातही. आमच्या मते दोन्ही गोष्टी अनावश्यक आहेत. या छंदात आधी लागते स्थैर्य, मग प्रकाश. कॅमेऱ्याचा क्रमांक शेवटचा.

इतिहासाचे अध्यापन करणाऱ्यास येथे दादासाहेब फाळके यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) निर्माण करण्यापूर्वी त्यांनी कुंडीत उगवणारे वाटाण्याचे रोप दिवसेंदिवस एकेक चौकट टिपून चित्रित केले होते. तोच ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट. पुढे त्यांनी काड्यापेटीतील काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ तयार केली. त्यांचा कॅमेरा लंडनहून आणलेला व मोलाचा होता खरा. पण पडद्यावर ज्यांनी काम केले ते एक रोप आणि मूठभर काड्या!

आता कॅमेऱ्याचा हिशेब पाहू. टीव्हीवर चांगला दिसेल अशा चित्रपटाची एक चौकट १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख बिंदूंची असते. आठ मेगापिक्सेलचा जुना मोबाइल याच्या चौपट बिंदू टिपतो. तेव्हा घरात पडून असलेला, पडद्याच्या कोपऱ्याला तडा गेलेला फोनही पुरेसा आहे. काचेच्या भिंगावर ओरखडा नसावा आणि साठवणुकीस जागा मोकळी असावी, एवढे पाहावे. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चौकटी धावतात. मातीच्या बाहुल्यांचे चित्रपट करणारा ब्रिटनमधील आर्डमन स्टुडिओदेखील बहुधा प्रत्येक स्थिती दोन चौकटींत ठेवतो, म्हणजे सेकंदाला बारा स्थिती पुरतात. मुलाने हेच प्रमाण धरावे. दहा सेकंदांच्या चित्रपटाला १२० छायाचित्रे, मिनिटाला ७२०. हा गुणाकार मुलाकडूनच करून घ्यावा. पहिला चित्रपट किती लहान असावा, हे त्याचे त्यालाच उमगते.

खर्च करायचाच असेल तर तो स्टँडवर करावा. १२० छायाचित्रांत फोन एकदा जरी केसभर हलला तरी पाहणाऱ्याला संपूर्ण घर हलल्यासारखे वाटते. मोबाइल धरणारा लहान तिपायी स्टँड साधारण तीन-चारशे रुपयांत मिळतो. वाकणाऱ्या पायांचा, ऑक्टोपससारखा स्टँड मात्र घेऊ नये. फोनच्या वजनाने तो हळूहळू खचत जातो. स्टँडचे पाय चिकटपट्टीने टेबलाला चिकटवावेत आणि टेबल भिंतीला टेकवावे. तेवढेही पैसे नसतील तर दोन स्टुलांवर एक फळी आडवी ठेवून तिच्या कडेबाहेर फोनचे भिंग येईल असा तो पालथा बांधावा आणि खाली जमिनीवर कागदाची कापलेली चित्रे, तुरीचे दाणे, गुंड्या, नाणी सरकवावीत. आमच्या पाहण्यात नवशिक्या मुलांची सर्वांत नेटकी कामे याच रीतीने झाली आहेत, कारण सपाट वस्तू पडत नाहीत. फोनला बोट लावताच तो हलतो, म्हणून तारेचा इयरफोन जोडून त्याच्या आवाजाच्या बटणाने छायाचित्र घ्यावे; बऱ्याच फोनमध्ये हे चालते. न चाललेच तर शे-दीडशे रुपयांचा ब्लूटूथ रिमोट घ्यावा.

प्रकाशाबाबत मुले हमखास फसतात. खिडकीतले ऊन सुंदर दिसते, परंतु ढग आला की चित्र काळवंडते आणि तास उलटला की सावली सरकते. चित्रपटात हे सारे लुकलुकत राहते. खिडकी बंद करावी किंवा संध्याकाळनंतर काम करावे. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन एलईडी दिवे दोन बाजूंना ठेवले की झाले. काही स्वस्त दिवे डोळ्यांना न जाणवेल असे थरथरतात. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहता पडद्यावर आडवे पट्टे दिसले, तर तो दिवा दुसऱ्या खोलीत लावावा. पांढरा सदरा घालून जवळ उभे राहिल्यास त्याचा उजेड बाहुलीवर पडतो, म्हणून गडद कपडे घालावेत. फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस व प्रकाशमान स्थिर होतात. ते न केल्यास फोन प्रत्येक छायाचित्रात स्वतःच्या मर्जीने उजेड ठरवतो. आणि एअरप्लेन मोड लावावाच. ऐन रंगात मामाचा फोन येतो.

शाडू किंवा चिकणमाती रात्रीतून वाळून तडकते, आणि पिठापासून केलेला खेळण्यातला रंगीत गोळाही तसाच. तेलमिश्रित क्ले वाळत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येते. मात्र मे महिन्यात ती लोण्यासारखी मऊ होते, तेव्हा सकाळी लवकर काम करावे. बाहुलीच्या आत तारेचा सांगाडा हवा. बांधकामावरची लोखंडी बाइंडिंग वायर हाताशी असते, पण ती वारंवार वाकवली की तुटते. वायरमनकडे उरलेली ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घेतल्यास अधिक टिकते.

चित्रे जोडण्यासाठी ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ या ॲपची विनामूल्य आवृत्ती पुरते. मागील चौकट अंधूक दिसत राहते, त्यामुळे बाहुली किती सरकली हे कळते. संगणक, गोल दिवा, तयार ‘ॲनिमेशन किट’ यांतील काहीही आरंभी घेऊ नये. अर्ध्या मिनिटाचा, ३६० छायाचित्रांचा एक चित्रपट मुलाने पूर्ण केला, की पुढे काय हवे हे तेच नेमके सांगू शकते; तोवर हजार रुपयांची मर्यादा ओलांडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

या स्मरणिकेचे वाचक असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलतात. जुना फोन एखाद्या मुलाला द्यावयाचा असेल तर बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी पाहावे. फुगलेली असल्यास तो फोन मुलाच्या हाती मुळीच देऊ नये. आपली छायाचित्रे काढून घ्यावीत, गुगलचे खाते सेटिंगमध्ये जाऊन हटवावे आणि त्यानंतरच फोन रिसेट करावा. खाते न हटवता रिसेट केल्यास फोन पुढच्या व्यक्तीकडे जुनाच पासवर्ड मागत बसतो, आणि मूल रत्नागिरीत व देणारा पुण्यात अशी स्थिती असेल तर सुट्टी त्यातच सरते.