टेंट ‘तीन जणांचा’ म्हणजे नक्की किती जणांचा?

ट्रेक ठरला की होस्टेलमध्ये दोन गोष्टींवरून हमखास वाद होतो. एक, कांदे-बटाटे कोण वाहणार? आणि दोन, टेंट किती मोठा घ्यायचा? पहिल्याचं उत्तर सोपं आहे (फर्स्ट इयर!). दुसऱ्यासाठी मात्र थोडं गणित मांडावं लागतं. इंजिनिअरिंगला आलोच आहोत, तर मांडूया की!

आता कुणी म्हणेल, सह्याद्रीत टेंट हवा कशाला? हरिश्चंद्रगड, रतनगड इथल्या गुहांमध्ये ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं मुक्काम करत आली आहेत. खरं आहे. पण डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी वर पोचा आणि गुहेत जागा शोधून दाखवा! शिवाय रात्रभर अवघडून जागं राहिलेल्या माणसाला सकाळी हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखी वाट उतरायची असेल, तर प्रश्न फक्त झोपेचा राहत नाही. पेंगुळलेला पाय घसरायला एक सुटा दगड पुरतो. म्हणून टेंटचा साइज हा चैनीचा विषय नाही.

टेंटच्या पिशवीवर ‘२ जणांसाठी’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की दोन माणसं एकमेकांना चिकटून आत आडवी होऊ शकतात. सॅक, बूट, पातेली, कुणाचा गिटार वगैरे यात धरलेलं नाही. दोन जणांच्या टेंटची जमीन साधारण २१० बाय १३० सेंटीमीटर असते. कॅरीमॅट ५० ते ५५ सेंटीमीटर रुंद. दोन मॅट टाकल्या की उरतात २० ते ३० सेंटीमीटर. त्यात भरलेली ६० लिटरची एक सॅकसुद्धा धड बसत नाही. तीन जणांचा टेंट साधारण १८० सेंटीमीटर रुंद, तिथेही तीन मॅटनंतर तीच गत.

लांबीचंही बघा. घुमटी टेंटच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे डोक्याकडे आणि पायाकडे मिळून वीसेक सेंटीमीटर नुसती कागदावर राहतात. सहा फुटी माणूस म्हणजे १८३ सेंटीमीटर. त्याची स्लीपिंग बॅग भिंतीला टेकते आणि पहाटे ओली होते. टेंट गळत नसतो बरं का! आपल्याच श्वासातली वाफ गार कापडावर जमते. जितकी माणसं कोंबाल तितकी वाफ जास्त.

म्हणजे सरळ मोठाच टेंट घ्यावा? इथेच खरी गोम आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकलेलंच आहे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६ किलो पडतो. वेग दुप्पट झाला की तोच २४ किलो! मोठ्या टेंटची ४ चौरस मीटरची बाजू अशा वाऱ्यासमोर उभी केली, तर ढोबळ हिशोबाने शंभरेक किलोचा रेटा आला. कोकणकड्याच्या पठारावर कातळात खुंट्या शिरत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. तिथे बुटका, लहान टेंट जास्त भरवशाचा. शिवाय मोठ्याला सपाट जागाही मोठी लागते. दोऱ्या ताणायला धरून चार जणांच्या टेंटला चार बाय चार मीटर तरी हवेत. कड्यापासून लांब, उताराच्या वाटेत नाही, अशी एवढी मोकळी जागा गडावर सहजासहजी मिळत नाही.

आता वजन. ढोबळ मानाने दोन जणांचा टेंट अडीच किलो, तीन जणांचा ३ आणि चार जणांचा साडेचार किलो धरा. समजा आपण सात जण आहोत. चार-चारचे दोन घेतले तर ९ किलो झाले आणि एक जागा शिल्लक. तीन, तीन आणि दोन असे तीन घेतले तर साडेआठ किलो, एक जागा शिल्लकच, आणि जागाही लहान-लहान तुकड्यांत शोधता येते. त्यातून एकाचा पोल मोडला तरी बाकीचे दोन उभे असतात. माणशी भार सव्वा किलोच्या आसपास. फक्त कुणा एकाच्या सॅकमध्ये अख्खा टेंट कोंबू नका. पोल एकाकडे, फ्लाय दुसऱ्याकडे, आतलं कापड तिसऱ्याकडे.

माझा हिशोब असा आहे. कोरड्या दिवसांत आणि टेंटला पुढे फ्लायची पडवी असेल, तर जितकी माणसं तितक्या जागा. सॅक पडवीत ठेवायच्या, खाऊ मात्र आत, नाहीतर पहाटे माकडं पार्टी करतात. पाऊस असेल किंवा पडवीच नसेल, तर दर दोन-तीन माणसांमागे एक जागा जास्त धरायची. दोघांना तीनचा, तिघांना चारचा. त्याहून मोठा टेंट गाडी जिथपर्यंत जाते तिथेच शोभतो.

आणि हो, भाड्याने किंवा काँट्रिब्यूशन काढून टेंट आणायच्या आधी एक करा. पिशवीवरचे ‘जण’ विसरून जमिनीची मापं विचारा, होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये खडूने तेवढा चौकोन आखा आणि सगळे सॅकसकट त्यात आडवे व्हा. ग्रुपमधला सर्वांत उंच आणि सर्वांत घोरणारा, दोघांनाही बोलवा. रेक्टर सरांनी विचारलं तर सांगा, प्रॅक्टिकल चालू आहे!