पेज, सॅचेल
(७ जुलै १९०६ – ८ जून १९८२). विख्यात अमेरिकन बेसबॉलपटू व गोलंदाज (पिचर). मूळ नाव लीरॉय रॉबर्ट पेज. अॅलाबॅमा राज्यातील मोबील येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म. लहानपणी तो रेल्वेस्थानकावर हमाली करीत असे. त्यावरूनच त्याला ‘सॅचेल’, म्हणजे प्रवासी पिशवी, हे नाव पडले असे सांगतात. चोरीच्या आरोपावरून त्यास सुधारगृहात ठेवण्यात आले होते व तेथेच तो गोलंदाजी शिकला.

बेसबॉलमध्ये गोलंदाज सुमारे १८·४४ मी. अंतरावरून, टप्पा न पाडता, चेंडू फलंदाजाकडे फेकतो. अशा फेकीने खांद्यावर व कोपरावर विलक्षण ताण पडतो. त्यामुळे बहुतेक गोलंदाजांची कारकीर्द चाळिशीपूर्वीच संपते. पेजची प्रमुख संघांतील कारकीर्द मात्र चाळिशीनंतर सुरू झाली. याचे कारण वर्णभेद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमुख संघांची दारे अलिखित संकेताने कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांनी १९२० मध्ये स्वतःची स्वतंत्र साखळी उभारली. पेज १९२६ पासून अशा संघांकडून खेळला. बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्झस सिटी येथील संघांखेरीज डोमिनिकन प्रजासत्ताक व मेक्सिको येथेही त्याने गोलंदाजी केली. १९३८ मध्ये त्याचा हात निकामी झाल्यासारखा होता. तो बरा झाल्यावर केवळ वेगावर विसंबून न राहता त्याने वळणारे व संथ चेंडू आत्मसात केले. पुढचा पाय टेकल्यावर हात क्षणभर रोखून चेंडू सोडण्याची त्याची लकब फलंदाजांना चकवीत असे; १९४८ मध्ये अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी ती नियमबाह्य ठरविली. त्याने स्वतः सांगितलेले विजयांचे प्रचंड आकडे पडताळून पाहणे मात्र अवघड आहे, कारण त्यांतील पुष्कळसे सामने दौऱ्यांवरील प्रदर्शनीय होते.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिन डॉजर्स संघातून वर्णबंदी मोडली. रॉबिन्सन १९४५ मध्ये पेजचाच संघसहकारी होता. पहिला मान आपणास मिळाला नाही, याचा पेजला सल राहिला. पुढील वर्षी क्लीव्हलँड संघाचा मालक बिल व्हीक याने त्याला ४२ व्या वाढदिवशी करारबद्ध केले. ही केवळ प्रसिद्धीची युक्ती आहे, अशी टीका झाली. परंतु पेजने सहा सामने जिंकले व एकच गमावला. डावाची सुरुवात त्याने केलेल्या पहिल्या तीन सामन्यांना मिळून दोन लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्याच वर्षी क्लीव्हलँडने जागतिक मालिका जिंकली. पुढे सेंट लुइस ब्राउन्सकडून १९५२ मध्ये त्याने १२ विजय मिळविले.

२५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कॅन्झस सिटी अॅथलेटिक्सकडून तो बॉस्टनविरुद्ध उतरला. मालकाने गंमत म्हणून त्याच्यासाठी झुलती खुर्ची व शुश्रूषेस परिचारिका ठेवली होती. त्याने मात्र तीन डावांत एकही धाव दिली नाही.

१९७१ मध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉल सन्मानमंदिरात त्याची निवड झाली. प्रारंभी कृष्णवर्णीय साखळीतील खेळाडूंसाठी वेगळे दालन योजिले होते; जनक्षोभामुळे तो बेत सोडून त्याला पूर्ण सदस्यत्व देण्यात आले. कॅन्झस सिटी येथे तो मरण पावला. त्याच्या त्या जुन्या साखळीस प्रमुख साखळीचा दर्जा २०२० मध्ये मिळाला व तिची आकडेवारी २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली.