सौभद्रातील प्रेम, माया आणि घोटाळा : एक मागोवा

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत सौभद्र’ या नाटकाच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात झाला, आणि पुढच्या वर्षी पाच अंकांचे पूर्ण नाटक रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या जवळजवळ दीडशे वर्षांत मराठी नाटकाची भाषा, संगीत, प्रेक्षक आणि नाट्यगृहे ही सारी बदलली. तरी अर्जुन, सुभद्रा, बलराम आणि कृष्ण यांच्यातला लग्नाचा गुंता मराठी प्रेक्षकाला परका झाला नाही. या टिकाऊपणाचे श्रेय बहुधा नाटकातील पदांना दिले जाते आणि ते अर्धे खरेही आहे. उरलेले अर्धे श्रेय नाटकाच्या रचनेचे आहे: कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपवले आहे, याचा किर्लोस्करांनी जो काटेकोर हिशेब ठेवला आहे, त्याच्या तोडीची सुखात्मिका, म्हणजे गोड शेवटाचे नाटक, त्यांच्या आधी मराठीत झाली नव्हती.

या कथेचे मूळ महाभारताच्या आदिपर्वात आहे. पण तेथे अर्जुन कृष्णाच्या सल्ल्याने सुभद्रेला रैवतक पर्वतावरून सरळ पळवून नेतो आणि घोटाळ्याला जागाच राहत नाही. भागवताच्या दशम स्कंधात मात्र कथा वेगळे वळण घेते. बलराम आपल्या बहिणीला दुर्योधनाला देणार असल्याचे अर्जुनाच्या कानी येते, तो त्रिदंडी यतीचा, म्हणजे तीन दंड एकत्र बांधून हाती धरणाऱ्या संन्याशाचा, वेष घेऊन द्वारकेत येतो, पावसाळ्याचे महिने तेथे काढतो आणि त्याला न ओळखता बलरामच त्याला घरी जेवायला बोलावतो. किर्लोस्करांनी हे बीज उचलले आणि त्यात दोन गोष्टींची भर घातली. पहिली भर म्हणजे आधीपासून जडलेले प्रेम: नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा अर्जुन आणि सुभद्रा एकमेकांवर अनुरक्त झालेली आहेत. दुसरी भर घटोत्कचाची, आणि तिच्यामुळे या नाटकात मायेचा, म्हणजे राक्षसी जादूचा, प्रवेश होतो.

घटोत्कचाने वधूला उचलून नेण्याची कल्पना लोककथांत पूर्वीपासून रुळलेली होती. बलरामाची मुलगी वत्सला हिचे अभिमन्यूशी लग्न जुळावे म्हणून घटोत्कच तिला मायेने हलवतो, ही वत्सलाहरणाची कथा महाराष्ट्रात आणि दक्षिणेतही सांगितली जाते. तिच्यातही बलरामाचा हट्ट, कौरवांकडचे स्थळ आणि पांडवांकडचा प्रियकर असाच मेळ आहे. सौभद्रात हीच क्लृप्ती एक पिढी मागे आणलेली दिसते. कृष्णाच्या सांगण्यावरून घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला द्वारकेतून रानात आणतो आणि विरहाने वैतागलेला, संन्यास घ्यायला निघालेला अर्जुन त्या ‘राक्षसापासून’ तिची सुटका करतो. ज्याच्यावर तो शस्त्र उगारतो तो त्याचा सख्खा पुतण्या आहे, जिला वाचवतो ती त्याची प्रेयसी आहे आणि हा सगळा बनाव त्याच्या जिवलग मित्राचा आहे. तिन्ही गोष्टी प्रेक्षकाला आधीच कळलेल्या असल्यामुळे भीतीचा प्रसंग डोळ्यांपुढे घडत असतानाच त्याला हसूही येते.

या राक्षसाचे महत्त्व समजण्यासाठी किर्लोस्करांच्या आधीची रंगभूमी आठवावी लागते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केल्यानंतर पौराणिक खेळ करणाऱ्या मंडळ्या गावोगाव निघाल्या. त्या खेळांत सूत्रधार पद्ये गाई, पात्रे बहुतांशी आयत्या वेळी भाषण जुळवीत आणि राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसांची कामे करणारे नट, आरडाओरड करीत रंगभूमी दणाणून सोडीत. त्यांच्या आरोळीवरूनच या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके असे नाव पडले होते. प्रेक्षकांना त्या आरोळीची गोडी होती आणि नव्या सुशिक्षित वर्गाला तिचा कंटाळा येऊ लागला होता. किर्लोस्करांनी राक्षस हाकलून दिला नाही; त्याच्या गर्जनेला कथेत काम दिले. सौभद्रातील घटोत्कच हा काकाचे लग्न जुळावे म्हणून राबणारा घरचाच मुलगा आहे, आणि मराठी रंगभूमीवरची राक्षसी माया त्याच्यापाशी पहिल्यांदा माणसाळली, असे म्हणायला हरकत नाही.

मायेच्या खेळाची ओढ त्या काळी दुसऱ्या बाजूनेही येत होती. लखनौच्या अमानत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लिहिलेले ‘इंद्रसभा’ हे परी आणि राजपुत्र यांच्या प्रेमाचे गीतनाट्य पारशी मंडळ्यांनी गावोगाव नेले होते. पुण्यात त्याचा प्रयोग पाहून किर्लोस्करांना मराठीत तसे गाते नाटक करण्याची इच्छा झाली आणि त्यातून ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ उभे राहिले, असे नाट्येतिहासात सांगितले जाते. ‘शाकुंतल’ कालिदासाचे होते, त्यातला विस्मृतीचा शापही त्याचाच. ‘सौभद्र’ची रचना मात्र किर्लोस्करांची स्वतःची आहे, आणि शापाच्या जागी त्यांनी कट ठेवला, या एका बदलात त्यांची नाटककार म्हणून झालेली वाढ दिसते. शापात माणसे असहाय असतात, तर कटात कोणीतरी दोऱ्या हलवीत असतो आणि त्या कोणत्याही क्षणी तुटतील ही धास्ती असते.

येथे शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’शी तुलना उपयोगी पडते, कारण प्रेम, जादू आणि घोटाळा यांची जगातली सर्वांत प्रसिद्ध सुखात्मिका तीच आहे. १५९५-९६ च्या सुमारास लिहिलेल्या त्या नाटकात पक नावाचा खोडकर वनचर झोपलेल्या प्रेमिकांच्या डोळ्यांत फुलाचा रस पिळतो आणि जागे होताच त्यांचे मन भलत्याच व्यक्तीवर बसते. तेथे घरच्या वडीलधाऱ्याच्या मर्जीविरुद्ध प्रेम आहे, रानातली रात्र आहे, निद्रिस्त नायिका आहे. इतके सारे सौभद्रातही आहे. भेद एकाच ठिकाणी आहे आणि तो मूलगामी आहे. शेक्सपिअरची जादू मने बदलते, त्यामुळे प्रेम किती चंचल असते हे पाहून प्रेक्षक हसतो. किर्लोस्करांची माया माणसे हलवते, मनाला शिवत नाही. सुभद्रा द्वारकेतून रानात आणि रानातून पुन्हा द्वारकेत जाते. तिचे अर्जुनावरचे प्रेम जागचे हलत नाही. सगळा विनोद त्या अढळ मनाभोवती इतरांच्या चाललेल्या धावपळीतून निर्माण होतो, आणि म्हणूनच सौभद्रात नायिका हास्यास्पद कधीच होत नाही.

खरा घोटाळा मायेने होतच नाही, तो घरात होतो. अर्जुन यतिवेष घेऊन रैवतकावर बसतो, बलराम त्याच्या तपाने भारावून जातो आणि त्याला घरी आणून त्याच्या सेवेला सुभद्रेलाच ठेवायचे ठरवतो. कृष्णाला हेच हवे असते; म्हणूनच तो त्याला विरोध करतो. तरुण मुलगी परक्या संन्याशाजवळ ठेवू नये, असा व्यवहारी आक्षेप तो घेतो आणि थोरल्या भावाचा स्वभाव ओळखून घेतलेला तो आक्षेप बलरामाचा निश्चय आणखी पक्का करतो. भोळा, तापट, मायाळू थोरला आणि त्याच्या कलाने घेत आपले साधणारा धाकटा ही जोडी यादवकुळातली असली तरी तिचे बोलणेचालणे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी एकत्र कुटुंबाचे आहे. रुक्मिणी ही नणंदेची कुचंबणा समजणारी वहिनी आहे, आणि तिचे स्वतःचे लग्न भावाच्या इच्छेविरुद्ध झालेले असल्याने तिच्या सहानुभूतीला आधार आहे. घरातील कर्त्या पुरुषाने ठरवलेले स्थळ आणि मुलीच्या मनातला वर यांचा हा झगडा ज्या दशकात रंगला, त्याच दशकात बालपणी लावून दिलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबईच्या न्यायालयात गाजला. किर्लोस्करांनी सुधारणेचा पक्ष मांडला असे म्हणणे ओढाताणीचे होईल. पण मुलीचे मन हा नाटकाचा कणा होऊ शकतो, हे त्यांनी हजारो प्रेक्षकांच्या गळी उतरवले. त्यांचेच शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ लिहिले, तेव्हा हा प्रश्न पुराणातून बाहेर पडून उघड सामाजिक झाला.

पदांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सौभद्रात शंभरावर पदे आहेत आणि ती साकी, दिंडी, ओवी अशा कीर्तन-आख्यानात रुळलेल्या छंदांत, लावणीच्या व कर्नाटकी चालींत बांधलेली आहेत. साकी आणि दिंडी हे कथा पुढे नेणारे, झटपट म्हणता येणारे छंद होत. त्यांत पात्रे भांडतात, बातमी देतात, टोमणे मारतात. पहिल्या संचात मोरोबा वाघोलीकर अर्जुन होते आणि १८८२ मध्येच किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत दाखल झालेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होते. भाऊरावांच्या आवाजाने पदांकडे ओढ वाढली, तरी पद संवादाचाच भाग राहिले. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे १९१३ मध्ये त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या सुभद्रेने नाटकाला अपूर्व वैभव दिले. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ या नाटकांबरोबर रागदारी गायकी रंगभूमीवर ठाण मांडून बसली, आणि तिचा परिणाम जुन्या नाटकांच्या प्रयोगांवरही झाला: पद लांबले, ‘वन्समोअर’ वाढले, आणि कोणाला काय ठाऊक आहे हा धागा मधल्या काळात प्रेक्षकाच्या हातून निसटू लागला. त्या गायकीचे मोल मोठे आहे. सुखात्मिका म्हणून सौभद्राने तिची किंमत मोजली, हेही तितकेच खरे आहे.

मायेचा धागा मराठी नाटकातून हळूहळू सुटत गेला आणि घोटाळा मात्र उरला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘वीरतनय’, ‘मूकनायक’ अशा नाटकांत कल्पित राजेराजवाडे घेऊन वेषांतर आणि लपवाछपवी यांवर प्रेमकथा रचल्या. ‘मूकनायक’चा नायक मुक्याचे सोंग घेतो, म्हणजे अर्जुनाच्या यतिवेषाचाच तो वंशज आहे. देवलांच्या १९१६ मधील ‘संशयकल्लोळा’त तर जादूच काय, वेषांतरही लागत नाही. रेवती रस्त्यात भोवळ येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, एक तसबीर भलत्याच्या हाती जाते आणि दोन घरे संशयाने पेटतात. मोलिएरच्या प्रहसनापासून इंग्रजीमार्गे आलेले हे कथानक देवलांच्या हाती इतके मराठी झाले याचे एक कारण असे की, मूर्च्छित स्त्रीला परपुरुषाने सावरण्यातून उठणारा गोंधळ सौभद्राच्या प्रेक्षकाला आधीच परिचित होता.

१९३० नंतर बोलपटांनी संगीत मंडळ्यांचा पाया खचवला. तरी सौभद्र थांबले नाही: जयराम व जयमाला शिलेदार यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने ते गावोगाव नेले, त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार बालपणी त्यात नारद झाल्या आणि पुढे सुभद्रा, एकविसाव्या शतकात राहुल देशपांडे यांच्यासारख्या गायकांनी ते नव्या प्रेक्षकांपुढे आणले.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या प्रेक्षकाशी या परंपरेचे नाते विशेष जवळचे आहे. ठाण्यातील नौपाडा, घंटाळी, गोखले रस्ता या भागातल्या मराठी मध्यमवर्गाला नाटकासाठी दूर जावे लागत नाही; मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभे राहिले तेव्हापासून तेथे चालत जाता येते. १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय हे तर सौभद्रानंतरच्या दहा-अकरा वर्षांतलेच, त्यामुळे या शहरात नाटक वाचणारा आणि नाटक पाहणारा वर्ग शेजारी शेजारी वाढला. त्याहून लक्षणीय गोष्ट नावांची आहे. ठाण्याचे रंगायतन राम गणेश गडकरी यांच्या नावाचे आहे, कल्याणचे रंगमंदिर आचार्य अत्रे यांच्या नावाचे. गडकरी किर्लोस्कर मंडळीत राहिले, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानून लिहिते झाले. अत्र्यांनी गडकऱ्यांना गुरू मानले आणि १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’, १९३५ मध्ये ‘भ्रमाचा भोपळा’ लिहिले. सूर्यनमस्काराच्या वेडाने पछाडलेले अत्र्यांचे रावबहादूर आणि यतीच्या पायांवर डोके ठेवणारा किर्लोस्करांचा बलराम यांच्यात पन्नास वर्षांचे अंतर असले तरी ते एकाच घरातले वडीलधारे शोभतात: दोघेही मनाने निर्मळ, दोघेही आपल्या श्रद्धेत बुडालेले आणि म्हणूनच दोघांच्याही डोळ्यांदेखत घोटाळा फोफावतो. पुण्यात सुरू झालेली सुखात्मिकेची ही वंशावळ उपनगरी रेल्वेच्या दोन स्थानकांवर अशी नावानिशी नांदते आहे.

आज सौभद्र अडीच-तीन तासांत बसवावे लागते आणि शंभर पदांतली मोजकीच ठेवता येतात. अशा काटछाटीत गाजलेली पदे राखण्याकडे कल असणे समजण्यासारखे आहे. परंतु त्यापायी रानातला घटोत्कचाचा प्रवेश आणि कृष्णाने बलरामाशी घातलेला खोटा वाद आखडला गेला, तर गाणी उरतात आणि नाटक जाते. रानातल्या प्रवेशात अर्जुनाला सुभद्रा दिसते आणि हातची निघून जाते. त्या हुरहुरीशिवाय त्याचा यतिवेष हे निव्वळ सोंग ठरते. कृष्णाचा वाद गेला की बलराम मूर्ख वाटू लागतो, वास्तविक तो केवळ भाविक आहे, आणि शेवटी त्याचा राग शांत होणे प्रेक्षकाला पटावे यासाठी तो भाविक दिसणे अत्यंत गरजेचे आहे. नव्या संचाने साक्या आणि दिंड्या त्यांच्या मूळ झपाट्याने, जवळजवळ बोलल्यासारख्या म्हटल्या, तर थोड्या वेळात पुष्कळ कथा सांगून होते आणि मोठ्या पदांसाठीही वेळ शिल्लक राहतो. किर्लोस्करांनी ते छंद योजले ते याच कामासाठी.