पंचनाम्यात मनाचा रकाना नाही

सीना नदीच्या पुराचं पाणी उतरलं, पंचनामे झाले. किती गुंठे खरवडून गेले, दावणीची किती जनावरं गेली, सगळं कागदावर आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्याचं हे सगळं गेलं, त्याला रात्री झोप लागते का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

भेटायला आलेले ‘खचू नका’ म्हणून निघून जातात. अशा बोलण्याने धीर येत नाही. तो कशाने येतो, हे गोव्यात पाहायला मिळालं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल ज्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, त्या ‘संगाथ’ने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं बसवली. सहा ते आठ बैठका, बस. मन लागेल तेव्हा कामाला लागू, असं आपण म्हणतो. इथे क्रम उलटा. आधी छोटं काम करायचं: सकाळी अंघोळ, पारावर एक फेरी, थकलेल्या बिलाबद्दल एक फोन. जमलं का, ते पुढच्या बैठकीत सांगायचं. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

गोव्याचं खेड्यात चालेल का, असं विचारणाऱ्यांनी अमरावती जिल्हा पाहावा. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलीच माणसं तयार केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत. दीड वर्षात ते २७ झाले. मोठा दवाखाना बांधला नव्हता. ‘डिप्रेशन’ हा शब्द न उच्चारता ‘टेन्शन आहे का?’ असं विचारणारं ओळखीचं माणूस दारात आलं होतं.

आपल्याकडे राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जातातच. मग अतिवृष्टीच्या गावांत त्यांच्या हाती नुसता फॉर्म का द्यायचा? नीट प्रशिक्षण द्या, मानधन द्या, अर्धा तास बसायची मुभा द्या.

शेजाऱ्यानेही पूरग्रस्ताच्या घरी जावं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बोललं जातं. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवा आणि त्याच्याजवळ बसूनच १४४१६ लावा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.