नकाशा उघडला, पण बीम गायब!
‘एक्सरेफ’च्या अडचणी आणि कारागिराने घ्यावयाची खबरदारी

कुर्ल्यातील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये आम्ही बसलो असताना जिन्याचे रेलिंग साईटवरून परत आले. पाईप कापलेले, वेल्डिंग झालेले, घासून प्रायमरही मारलेला. पण मधल्या लँडिंगला आडवा बीम होता आणि रेलिंगचे दोन खांब नेमके त्याच बीमवर येत होते. मालकांनी संगणकावर बसणाऱ्या मुलाला विचारले, “तुला नकाशात बीम दिसला नव्हता?” तो म्हणाला, “नाही चाचा. फाईल उघडताना एक खिडकी आली होती. मी ती बंद केली आणि पुढे गेलो.”

त्या खिडकीत काय लिहिले होते, हे कोणी वाचलेच नव्हते. नकाशाला जोडलेली एक फाईल सापडत नाही, असा तो इशारा होता. बीम आणि कॉलम त्या न सापडलेल्या फाईलमध्ये होते. पाईप गेला, मजुरी गेली, टेम्पोचे दोन्ही वेळचे भाडे अंगावर पडले आणि पार्टीसमोर मान खाली घालावी लागली.

आपले बरेच बांधव फॅब्रिकेशन, अॅल्युमिनियम खिडक्या, फर्निचर, एसी डक्टिंग आणि प्लंबिंगच्या धंद्यात आहेत. पूर्वी निळा छापील नकाशा हातात मिळत असे. आता व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलने ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल येते. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअरांचा राहिलेला नाही.

एक्सरेफ म्हणजे काय?

उधारीच्या वहीत आपण लिहितो, “बाकी हिशेब मोठ्या वहीच्या पान ४० वर पाहा.” ती मोठी वही घरी राहिली, तर हातातल्या वहीत हिशेब अर्धाच दिसणार. एक्सरेफ म्हणजे एक्सटर्नल रेफरन्स. ऑटोकॅडमध्ये ही सोय १९९० च्या ११ व्या रिलीजपासून आहे. आर्किटेक्ट भिंतींची फाईल वेगळी ठेवतो, आरसीसीवाला बीम-कॉलमची वेगळी, आणि रेलिंगच्या नकाशात या दोन्ही फाईली जोडल्या जातात. बीममध्ये बदल झाला की रेलिंगच्या नकाशातही तो आपोआप दिसतो, हा मोठा फायदा. पण जोडलेली फाईल नकाशाच्या पोटात नसते. पोटात असतो फक्त तिचा पत्ता, म्हणजे पाथ. नकाशा तुमच्याकडे आला आणि जोडफाईल आर्किटेक्टच्या संगणकावर राहिली, की बीम गायब!

आधी निदान, मग औषध

ऑटोकॅडमध्ये एक्सरेफ ही कमांड दिली की जोडफाईलींची यादी उघडते. प्रत्येक नावापुढे तिची स्थिती लिहिलेली असते. त्यातले तीन शब्द ओळखायला शिकावेत.

‘नॉट फाउंड’ म्हणजे दिलेल्या पत्त्यावर फाईलच नाही. बहुतेक तक्रारी याच असतात आणि त्यांची कारणे साधी असतात. एक, जोडफाईल पाठवलेलीच नाही. दोन, पाठवली पण नाव बदलले. तीच फाईल दुसऱ्यांदा डाउनलोड केली की संगणक नावापुढे कंसात १ लावतो, आणि ऑटोकॅडच्या दृष्टीने ती वेगळी फाईल ठरते. तीन, झिप फाईल न सोडवता तिच्या आतूनच नकाशा उघडला. तसे केल्यास विंडोज तेवढा एकच नकाशा तात्पुरत्या जागी काढते आणि त्याच्या सोबतिणी आतच राहतात. चार, पत्ता पूर्ण लिहिलेला आहे. समोरच्या ऑफिसातील झेड ड्राईव्ह तुमच्या संगणकावर असणार कुठून?

उपायही साधा आहे. झिप आधी पूर्ण सोडवा. जोडफाईली मूळ नावाने मुख्य नकाशाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नकाशा पुन्हा उघडा. लिहिलेल्या पत्त्यावर फाईल नसेल, तर ऑटोकॅड मुख्य नकाशाच्या फोल्डरमध्येही शोधते. तरीही सापडली नाही, तर यादीत त्या नावावर उजवे बटण दाबून ‘सिलेक्ट न्यू पाथ’ने नवी जागा दाखवा.

‘अनरिझॉल्व्ड’ म्हणजे फाईल सापडली, पण वाचता येत नाही. अशा वेळी दोन गोष्टी तपासा. समोरच्याचे ऑटोकॅड नवे आणि तुमचे जुने, असे तर नाही ना? २०१८ च्या आवृत्तीपासून डीडब्ल्यूजीची मांडणी बदलली आहे. २०१३ ते २०१७ ची ऑटोकॅड ती वाचत नाहीत. जुन्या मांडणीत सेव्ह करून मागवा, आणि मुख्य नकाशाबरोबर सर्व जोडफाईलीही तशाच मागवा. दुसरे, फाईल बिघडलेली असू शकते. ती स्वतंत्रपणे रिकव्हर कमांडने उघडून पाहा.

‘अनलोडेड’ म्हणजे कोणीतरी ती मुद्दाम उतरवून ठेवली आहे. फाईल जागेवर असेल, तर रीलोड म्हणताच ती परत येते.

“फाईल वापरात आहे” असे आले तर

ऑफिसात दोन-तीन संगणक एकाच नेटवर्कवर असतील, तर ही तक्रारही येते. नकाशा उघडला की ऑटोकॅड त्याच्या शेजारी डीडब्ल्यूएल नावाची छोटी फाईल तयार करते. ते एक प्रकारचे कुलूप समजा. वीज गेली किंवा संगणक अडकला, तर कुलूप तसेच राहते आणि नकाशा कोणी उघडलेला नसताना वापरात असल्याचे दाखवतो. हूहॅज कमांडने कोणाचे नाव येते ते पाहा. खरोखरच कोणी काम करीत नाही याची खात्री झाल्यावरच डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ या फाईली काढा. मूळ डीडब्ल्यूजीला हात लावू नका.

जोडफाईल दुसऱ्याच्या नकाशात लोड झाल्यामुळे मूळ फाईलमध्ये बदल करता येत नसेल, तर एक्सलोडसीटीएल ही सेटिंग पाहा. ती १ वर असेल तर मूळ फाईल अडकून राहते. २ वर ठेवली की ऑटोकॅड तिची प्रत घेऊन काम करते आणि मूळ फाईल मोकळी राहते. नेटवर्कवरील फोल्डर वाचण्याची परवानगी तुमच्या नावाला आहे की नाही, हेही तपासून घ्यावे.

मागताना काय मागावे?

“नकाशा पाठवा” एवढे म्हणणे पुरेसे नाही. “ई-ट्रान्समिट करून पाठवा” असे सांगावे. या सोयीने मुख्य नकाशा, जोडफाईली, चित्रे आणि पीडीएफ यांचे एकच पुडके तयार होते. फॉन्टही सोबत घ्यायला सांगावे. आपण स्वतः नकाशे काढत असाल, तर एका कामाचे एकच फोल्डर ठेवा आणि पत्ता रिलेटिव्ह ठेवा, म्हणजे पूर्ण फोल्डर दुसरीकडे नेले तरी जोड तुटत नाही. २०१८ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड नव्या जोडणीसाठी आपणहून रिलेटिव्ह पत्ताच घेते. मात्र मुख्य नकाशा एका ड्राईव्हवर आणि जोडफाईल दुसऱ्या ड्राईव्हवर असेल, तर हा पत्ता चालत नाही.

काहीजण बाइंड करून घेतात. त्याने जोडफाईल नकाशात कायमची विरघळते आणि पुढे सापडत नाही हा प्रश्नच राहत नाही. शेवटच्या, मंजूर नकाशासाठी हे उत्तम. पण नंतर बीम सरकला, तर तुमच्या नकाशात तो जुन्या जागीच दिसेल. काम अजून बदलत असेल तर बाइंडवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट. जोडफाईल ओव्हरले पद्धतीने लावलेली असेल, तर तो नकाशा तिसऱ्या नकाशात जोडताना ती सोबत येत नाही, आणि त्या वेळी इशाराही येत नाही. म्हणून यादी स्वच्छ दिसली तरी काहीतरी कमी वाटले, तर विचारण्यात कमीपणा मानू नये.

कटिंगच्या आधी

त्या वर्कशॉपमध्ये आता एक नियम झाला आहे. नकाशा उघडताना आलेली खिडकी वाचल्याशिवाय बंद करायची नाही. एक्सरेफची यादी उघडून सर्व नावांपुढे ‘लोडेड’ दिसल्याशिवाय पाईपला ब्लेड लावायचे नाही. एखादी फाईल नसेल, तर “अमुक नावाची फाईल मिळालेली नाही, ती आल्यावर काम सुरू करू” असा लेखी निरोप पाठवायचा. नकाशासोबत त्याच दिवसाची पीडीएफ मागवून दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे. आणि मापाची टेप घेऊन साईटवर एक चक्कर मारायचीच.

या सगळ्याला फार तर अर्धा तास लागतो. त्या रेलिंगचे खांब नव्याने लावायला तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांचे बिल कोणालाच लावता आले नाही.