उंद्रीचा सरपंच कोण निवडतो?

चिखली तालुक्यातल्या उंद्रीत मतदाराला एका वेळी दोन निवडी कराव्या लागतात: एक आपल्या प्रभागाच्या सदस्यांची, दुसरी थेट सरपंचाची. हा दुसरा हक्क 2017 मध्ये मिळाला, 2020 मध्ये गेला आणि 2022 मध्ये परत आला. मधल्या काळात, 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, तेव्हा सरपंचपदाचं आरक्षणही मतदानानंतरच निघालं. आपण कुणाला सरपंच करतोय हे मत देताना कळूच नये, ही मतदारावर अन्यायाची गोष्ट होती.

ग्रामपंचायतीत पक्षचिन्ह नसतं. पॅनेल कुणाचं, हे गावाला ठाऊक असलं तरी मतदान यंत्रावर दिसतात ती राज्य निवडणूक आयोगाने दिलेली मुक्त चिन्हं. त्यामुळे निकालानंतर पक्ष जे आकडे सांगतात, ते त्यांचे दावे असतात, अधिकृत नोंद नव्हे. मतं समसमान पडली तर चिठ्ठी काढतात.

थेट निवडलेल्या सरपंचाला हटवणंही सोपं नाही. तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तरी ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन गावाची संमती लागते. ही तरतूद मोलाची आहे.

जवळच्या चिखली नगरपरिषदेत नगराध्यक्षही थेट जनतेतून निवडला जातो. महानगरपालिकेत मात्र महापौर नगरसेवकच निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी.